वाळूतली अळंबी सापडली, आता पुढं काय?

माझा पहिला नमुना मी दुचाकीच्या डिकीत शिजवून मारला. ऑक्टोबरचं ऊन, प्लॅस्टिकची पिशवी, आणि गाडी मंडईबाहेर दीड तास उभी. घरी येऊन पिशवी उघडली तर आत तपकिरी रबडी आणि वास. त्यात उपटताना देठाला हिसका दिलेला, म्हणून बुडखा वाळूतच राहिला होता. ओळखीची अर्धी खूण त्या बुडख्यात असते हे मला दोन महिन्यांनी कळलं, तोवर त्या जागेवरनं म्हशींचा कळप जाऊन आला होता.

कोल्हापूरच्या आसपास नदीकाठच्या वाळूत, किंवा घाट उतरून देवगड-मालवणकडच्या किनाऱ्यावर फिरताना एखादी वेगळीच अळंबी दिसली आणि ‘ही दुर्मीळ असणार’ असं वाटलं, तर पहिल्या फोटोपासून ती जागा टिकवण्यापर्यंत काय काय करावं लागतं ते इथं क्रमानं लिहितो. मी प्राध्यापक नाही. आठवडाभर नोकरी आणि रविवारी नदीकाठ, असा गडी आहे. त्यामुळं शास्त्र जेवढ्यास तेवढं, खटपट जास्त.

१. आधी डोळा बसवा

अळंबी म्हटलं की पावसाळा, ओला पालापाचोळा आणि छत्री डोळ्यासमोर येते. वाळूतल्या पुष्कळ बुरशी याच्या उलट वागतात. त्यांना मोकळी, झरझर निचरा होणारी, उन्हानं तापणारी जमीन लागते. छत्री उघडून बीजाणू खाली पाडण्यापेक्षा ते पिशवीत कोरडे जपून ठेवायची त्यांची रीत असते. पाऊस ओसरल्यावरही सुकलेली पिशवी महिनोन्‌महिने उभी राहते, म्हणून नवख्याला त्या सापडायला सोप्या.

चार चेहरे ओळखीचे करून घ्या.

ट्युलोस्टोमा: बारीक देठावर साधारण एक सेंटिमीटरची गोल पिशवी, आणि पिशवीच्या माथ्यावर बारीक तोंड. वर पावसाचा थेंब पडला की तोंडातून धूर निघावा तसे बीजाणू बाहेर पडतात. पिशवी आधी जमिनीखाली तयार होते, मग देठ लांबून तिला वर उचलतो. माझी नेहमीची जागा ज्यांच्या मळीला, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या शेताला, लागून आहे त्या काकांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते म्हणाले, ‘ही व्हय? पावसाळा सरला की खिळ्यागत उभी असत्यात. आम्ही कुत्र्याची छत्रीच म्हणतो.’ खिळे हा शब्द मी तेव्हापासून उचलला. वाकून बघितलं तर खरोखर वाळूत कुणी खिळे ठोकल्यासारखंच दिसतं.

बॅटारिया: हीच चाल, पण आडदांड. देठ लाकडासारखा, खवल्यांचा, वीतभर किंवा त्याहून उंच. डोक्यावरची टोपी गोल कापल्यासारखी कडेनं सुटते आणि खाली गंजाच्या रंगाची बीजाणूंची भुकटी उघडी पडते. देठाच्या तळाशी वाळूत पुरलेली एक पिशवी असते.

पोडॅक्सिस: लांबुडकी, न उघडलेल्या छत्रीसारखी, बहुतेकदा वारुळाशी किंवा वाळवीच्या जमिनीत. हिला शास्त्रीय नाव १७७१ मध्ये लिनियसनं दिलं. कोरड्या प्रदेशात जगभर सापडते. दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, नोंद मात्र करा.

भूतारे: जिॲस्ट्रम आणि ॲस्ट्रियस या वंशांतले. बाहेरचं साल चांदणीसारखं फाटून पसरतं, मधे पिशवी. ॲस्ट्रियसच्या पाकळ्या ओल आली की उघडतात आणि सुकल्या की पुन्हा मिटतात. घरात पाण्याचा थेंब टाकून मुलांना दाखवण्यासारखा प्रकार आहे.

आपण बघतो ते या बुरशीचं फळ. खरा जीव म्हणजे वाळूच्या कणांमधून पसरलेले तंतू, म्हणजे कवकजाल. चार-पाच पायऱ्यांनंतर याच गोष्टीशी आपली गाठ पडणार आहे.

२. कुठं आणि कधी जायचं

पंचगंगेचा काठ बहुतेक काळ्या मळीचा. पण वळणाच्या आतल्या अंगाला, जुन्या पुरानं टाकलेल्या पट्ट्यांवर, वाळुंज आणि शेरणीच्या झुडपांमधल्या मोकळ्या जागी वाळू असते. तिथं बघा. दोन वेळा चांगल्या: मेमधला वळीव पडून गेल्यावर आठ-दहा दिवसांनी, आणि सप्टेंबरअखेरपासून दिवाळीच्या पुढंपर्यंत.

इथं कोल्हापूरचीच एक मेख आहे. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, घालतात. पाणी तुंबतं, आणि काल कोरडी असलेली खालची वाळू आज पाण्याखाली जाते. पहिल्या वर्षी मी नेमका अशा खालच्या पट्ट्यात खुणा करून बसलो होतो. बरगे पडले, खुणा गेल्या. तेव्हा आधी गावातल्या माणसाला विचारा की बरगे घातल्यावर पाणी कुठवर येतं, आणि त्या रेषेच्या वरच काम मांडा. खालच्या पट्ट्यात बघायचंच असेल तर बरगे पडण्याच्या आत उरकून घ्या.

किनाऱ्यावर जाणार असाल तर भरतीची रेघ सोडून मर्यादवेल वाढते तिथून मागं, वाळूच्या टेकड्या आणि सुरूच्या बनापर्यंत शोधा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मात्र हात लावायचा नाही. राधानगरी असो की चांदोली, तिथं अभ्यासासाठी आणि नमुन्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते. ‘एवढीशी अळंबी, कोण विचारतंय’ या भरवशावर राहू नका.

३. पिशवीत काय न्यायचं

भाजीची सुरी आणि जुना पोह्याचा चमचा. बारीक रंगकामाचा ब्रश. पंधरा सेंटिमीटरची पट्टी. दहापट मोठं दाखवणारं भिंग. कागदी पाकिटं, लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं उत्तम चालतात. शिसपेन्सिल, कारण शाई ओल लागली की पसरते. छोटी वही, फोन, आणि मास्क. मास्क विसरू नका. अळंबीच्या पिशवीतली भुकटी नाकात गेली तर फुप्फुसाला त्रास होऊ शकतो, दमेकऱ्यांनी तर जास्तच जपावं.

प्लॅस्टिकची पिशवी घरीच ठेवा. का ते वर सांगितलंय.

आणि चव बघायची नाही. ‘जरा जिभेला लावून बघ’ असं सांगणारा एक तरी भेटतोच. सरळ नाही म्हणा.

४. हात लावण्याआधी फोटो, फोटोच्या आधी श्वास

दिसल्यादिसल्या माणूस धावतो आणि पायाखाली आणखी तीन तुडवतो. माझ्याकडून झालंय. थांबा, उभ्या जागेवरून आजूबाजूची मोजणी करा, मग पाऊल टाका.

फोटो असे: लांबून, ज्यात नदी, झाड आणि जागा एकत्र दिसेल. मग गुडघ्यावर बसून बाजूनं, पट्टी ठेवून. मग वरून, पिशवीचं तोंड स्पष्ट येईल असा. तोंड नळीसारखं पुढं आलंय की नुसतं फाटल्यासारखं, त्याच्याभोवती वेगळ्या रंगाचं कडं आहे का, यावर ट्युलोस्टोमाची ओळख पुष्कळ अवलंबून असते. नवख्यांच्या फोटोत नेमकं हेच धूसर असतं.

वहीत तारीख, वेळ, फोननं दिलेले अक्षांश-रेखांश, पाण्यापासूनचं अंतर आणि उंची अंदाजानं, वाळू जाड की बारीक, त्यात मळी किती, आसपासची झाडं, एकूण किती खिळे, त्यांतले ताजे किती नि सुकलेले किती. गुरं येतात का, पाचट जाळल्याच्या खुणा आहेत का, ट्रॅक्टरची चाकोरी आहे का, तेही लिहा. ‘रस्त्याकडेला, वाळूत’ एवढी नोंद पुढच्या माणसाच्या काहीही कामाची नाही.

५. नमुना: किती आणि कसा

पाचापेक्षा कमी फळं असतील तर मी उचलत नाही. फोटो घेतो आणि पुन्हा येतो. हा माझा नियम आहे, कायद्याचा नव्हे. जास्त असतील तर दोन किंवा तीन घ्या: एक पूर्ण पिकलेलं, एक कोवळं मिळालं तर कोवळं. फळं घेतल्यानं कवकजाल मरत नाही, आंबा तोडल्यानं झाड मरत नाही तसं. पण वाळू उकरून उलथीपालथी केली तर मरू शकतं. धोका सुरीपेक्षा खोऱ्याचा.

देठाला हात न लावता, चारी बाजूंनी दोन बोटं अंतर सोडून चमच्यानं वाळू काढत खाली जा. बुडाशी वाळूचा गोळा चिकटलेला असतो, पांढरे धागे असतात, बॅटारियाला पिशवी असते, पोडॅक्सिसचा तळ वाळवीच्या घराकडं गेलेला असतो. हे सगळं नमुन्यासोबत यायला हवं. वाळू धुऊ नका. घरी सुकल्यावर ब्रशनं थोडी झटका, बुडाची तशीच राहू दे.

खड्डा बुजवा. काढलेलीच वाळू परत घाला आणि हातानं थोपटा.

एका पाकिटात एकाच जागेची फळं. पाकिटावर नंबर, आणि तोच नंबर वहीत आणि फोटोत. मी सुरुवातीला ‘मोठ्या वाळुंजाजवळचा’ असं लिहायचो. २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेलं होतं. पूर उतरल्यावर जाऊन बघतो तर मोठं वाळुंजच नव्हतं.

६. वाळवणं आणि ठेवणं

त्याच संध्याकाळी वाळवायला घ्या. उद्यावर टाकलेला नमुना किड्यांचा होतो. चाळीस ते पंचेचाळीस अंश उष्णता आणि खेळती हवा हवी. फळं सुकवायचं छोटं विजेचं यंत्र मिळतं, ते सर्वात बरं. नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना पिवळा दिवा लावून वर जाळी ठेवा, आणि खोक्याजवळ बसून राहा. कडक उन्हात किंवा चुलीवर टाकू नका. आईनं एकदा प्रेमानं माझा नमुना पापडांसोबत गच्चीवर टाकला होता, त्याचे पापड झाले.

डीएनए तपासणीचा विचार असेल तर पिशवीच्या आतला, बाहेरचा हात न लागलेला कण चिमट्यानं काढून सिलिका जेलच्या बारीक दाण्यांत वेगळा ठेवा. बाकीचा नमुना कडक वाळला की हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा. अळ्या आणि त्यांची अंडी मरतात. घरच्यांना आधी सांगा.

७. नाव लावण्याची घाई करू नका

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर फोटो टाकला की वंशापर्यंत ओळख मिळू शकते. तिथपर्यंत ठीक. मोबाइल ॲपनं सुचवलेलं प्रजातीचं नाव मात्र जसंच्या तसं घेऊ नका. ॲपला युरोप-अमेरिकेतली चित्रं जास्त माहीत आहेत, आपल्या वाळूतली कमी. ट्युलोस्टोमाच्या प्रजाती वेगळ्या करायला बीजाणूंच्या अंगावरची नक्षी बघावी लागते, आणि ती साध्या भिंगातनं दिसत नाही.

इथं सर्वात मोठा सापळा आहे. नोंद टाकताना ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवा. तशी सोय आहे, आणि ती निवडली की नकाशावर नेमका बिंदू न दिसता वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी खूण दिसते. मी पहिल्यांदा विसरलो. पुढच्या रविवारी गेलो तर दोघं तरुण कॅमेरे घेऊन वाळूवर आडवे झोपलेले. पोरं चांगली होती, पण त्यांच्या कोपरांखाली काय होतं ते त्यांना दिसत नव्हतं. या लेखात गावाचं नाव नाही ते त्याचसाठी.

सूक्ष्मदर्शकासाठी शहरातल्या महाविद्यालयांचे आणि शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहेत. जाताना नमुना, वही आणि फोटो तिन्ही न्या, आणि परीक्षेचे दिवस टाळा. पुढची पायरी पुण्याची. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा ‘आजरेकर’ नावाचा संग्रह आहे आणि बुरशी ओळखून देण्याची सेवाही आहे. आधी ईमेल करून अर्ज, शुल्क आणि नमुना कसा हवा ते विचारून घ्या, न कळवता कुरिअर धाडू नका.

डीएनए करायचं तर बुरशीसाठी आयटीएस नावाचा तुकडा वाचतात. २०१२ पासून बुरशींची ओळखपट्टी म्हणून तोच मान्य झालाय. तुमच्या खिळ्याचा तुकडा जगातल्या कुठल्याच नोंदीशी जुळला नाही, तर लगेच ‘नवीन प्रजाती’ म्हणून पेढे वाटू नका. भारतातल्या नमुन्यांचे तुकडे मुळात कमी नोंदले गेलेत, त्यामुळं न जुळणं हे फार वेळा आपल्या अपुऱ्या नोंदींचं लक्षण असतं. माझा नमुना आजही ‘ट्युलोस्टोमा, प्रजाती अनिश्चित’ या नावानंच आहे, आणि त्यानं माझं काही अडलं नाही.

परदेशातले तज्ज्ञ भले असतात, ‘पाठवा, बघतो’ म्हणतात. पाकिटात घालून टपालानं पाठवू नका. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे आपल्याकडचं जैविक साहित्य परदेशी संशोधकाच्या हाती जाण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. फोटो आणि मोजमापांवर भागवा.

नाव मिळो न मिळो, नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा करा आणि संग्रह क्रमांक घ्या. तो क्रमांक पुढं तुमचं आधार कार्ड आहे.

८. ‘दुर्मीळ’ हा शब्द जपून

बॅटारिया फॅलॉइडीसचं बघा. ही पहिल्यांदा टिपली गेली ती १७८४ च्या सुमारास, इंग्लंडच्या सफोकमध्ये. ब्रिटनमध्ये ती इतकी मोजक्या ठिकाणी उरली की १९९८ मध्ये तिला वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत घातलं. तिथं ती मुद्दाम उपटणं गुन्हा आहे. तीच बुरशी जगाच्या कोरड्या भागांत दूरवर पसरलेली आहे. म्हणजे ‘दुर्मीळ’ म्हटलं की लगेच विचारायचं: कुठं?

आपल्याकडं घोळ वेगळा. पुष्कळ गोष्टी दुर्मीळ वाटतात कारण कुणी शोधलेल्याच नसतात. म्हणून पहिली जागा सापडली की तिथंच बसून राहू नका. तशाच वाळूच्या आणखी दहा जागा बघा, आणि जिथं सापडली नाही तिथंही ‘या तारखेला एवढा वेळ शोधलं, नाही’ असं लिहा. या ‘नाही’च्या नोंदी कंटाळवाण्या असतात, पण दुर्मीळपणा सिद्ध होतो तो त्यांच्यावरच. मी तीन मोसमांत केलेल्या नोंदींत ‘नाही’च जास्त आहेत.

दुसरं, चाळीस खिळे दिसले म्हणजे चाळीस जीव नव्हेत. खाली एकच कवकजाल असू शकतं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीसाठी, म्हणजे कुठला जीव किती धोक्यात आहे त्या यादीसाठी, मोजताना हे धरूनच हिशेब करतात. ही लाल यादी हत्ती-वाघांची वाटते, पण मार्च २०२५ मध्ये त्यातल्या बुरशींचा आकडा १,३०० वर गेला आणि त्यांपैकी ४११ तरी धोक्यात असल्याचं नोंदलं गेलं. तुमच्या बुरशीचं नाव प्रजातीपर्यंत पक्कं झालं असेल तर जागतिक बुरशी लाल यादीच्या उपक्रमात ती सुचवता येते, त्यासाठी पदवी लागत नाही. नाव कच्चं असेल तर थांबा.

९. जमीन कुणाची ते आधी काढा

आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे १९७२ च्या, याद्यांत बुरशी नाहीत. त्यामुळं ‘या अळंबीला हात लावाल तर तुरुंग’ असं कुणाला सांगता येत नाही. मग धरायचं काय? जागा. वाळूचा तो तुकडा राहिला तर बुरशी राहते, तुकडा गेला तर तिचे कितीही सुंदर फोटो असले तरी उपयोग नाही.

काठाची जमीन एखाद्या शेतकऱ्याची असते, नाहीतर सरकारी. गट नंबर काढा, सातबारा ऑनलाइन बघा, तलाठ्याला भेटा. खाजगी असेल तर काम सोपं आणि नाजूक दोन्ही. आमच्या काकांना मी पहिल्याच दिवशी ‘ही दुर्मीळ आहे’ म्हणालो आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘म्हंजे आता सरकार जमीन घेनार काय?’ दोन वर्षं चहा पिऊन तो संशय गेला. तुम्ही उलट सुरुवात करा. जमीन तुमचीच राहणार, पीकही तुमचंच, फक्त ही दहा पावलं नांगरू नका नि वीटभट्टीला इथली माती देऊ नका, एवढंच मागा. लेखी काही सही करून घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी.

एक धोका आपल्याच माणसांकडून येतो: वृक्षारोपण. ‘मोकळी जागा आहे, शंभर झाडं लावू’ म्हणून एखादं मंडळ उत्साहानं येतं. मोकळी वाळू म्हणजे ओसाड जागा नव्हे. या बुरशींना सावली, घट्ट गवत आणि साचलेला पाला नको असतो. गुरांचं थोडं चरणं उलट बरं, त्यानं झुडपं माजत नाहीत. कुंपणही घालू नका. कुंपण घातलं की आत काय आहे ते बघायला गाव येतं.

१०. ग्रामपंचायत आणि तहसील

कागद हे जोडा:

अर्ज मराठीत, एका पानाचा. गट नंबर आणि जागेचा हातानं काढलेला नकाशा. चार फोटो, पट्टी ठेवलेले. संग्रह क्रमांकाचं पत्र. ओळख करून देणाऱ्या तज्ज्ञाच्या दोन ओळी, असल्यास. मोजणीच्या नोंदींची प्रत. आणि पोच घ्यायला अर्जाची दुसरी प्रत, ती कधीच विसरू नका.

पहिला दरवाजा जैवविविधता व्यवस्थापन समितीचा. कायद्याप्रमाणे ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असते आणि तिच्याकडं लोक जैवविविधता नोंदवही असते. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर या वह्या भराभर लिहिल्या गेल्या. तुमच्या गावची वही कपाटात असेल, तर ग्रामसेवकांना ती बघायला मागा. वन्य जैवविविधतेच्या भागात ही नोंद घालायची विनंती करा, स्थानिक नावासह. ‘कुत्र्याची छत्री’ असंच लिहू द्या, शेजारी शास्त्रीय वंश. जमलं तर समितीच्या बैठकीत पाच मिनिटं मागून घ्या आणि वाळलेला खिळा डबीत घालून न्या. हातात घेऊन बघितल्यावर माणसं बोलायला लागतात.

हे सगळं एवढ्याशा बुरशीसाठी होईल का, असं वाटेल तेव्हा आंबोलीचा मासा आठवा. हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या छोट्याशा माशाला २०२० मध्ये नदीचंच नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर झाली. तीच नदी पुढं आपल्या आजरा-गडहिंग्लजातून वाहते. वारसा स्थळाचा रस्ता जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ मधून जातो. प्रस्ताव स्थानिक संस्थेकडून निघून नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडं गेला तर त्याला वजन येतं. पण तो लांबचा पल्ला आहे, त्याआधी वाळूचं बघा.

नदीतल्या वाळूचा लिलाव काढण्याआधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो. केंद्राच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एकवीस दिवस लोकांसाठी ठेवायचा असतो. हरकत घ्यायची ती त्याच एकवीस दिवसांत. एकदा लिलाव होऊन ट्रॅक्टर उतरले की मग नुसतं भांडण उरतं. फोनमध्ये दर महिन्याच्या एक तारखेची आठवण लावून ठेवा: संकेतस्थळ बघणे.

हरकतीचा माझा पहिला अर्ज फुकट गेला. मी बुरशीच्या कौतुकानं दोन पानं भरली होती. टेबलामागच्या माणसानं वाचून शेजाऱ्याला दाखवलं, ‘कुत्र्याच्या छत्रीसाठी अर्ज आलाय बघा,’ आणि दोघं हसले. राग आला, पण घरी येऊन तो अर्ज परक्यासारखा वाचला तेव्हा त्यात मागणी काय आहे तेच सापडेना. दुसरा अर्ज आठ ओळींचा केला. गट नंबर. अक्षांश-रेखांश. संग्रह क्रमांक. या पट्ट्यामागं काठ धरून ठेवणारी वाळुंजाची रांग आहे, पट्टा उचलला तर काठ ढासळेल नि मागची मळी जाईल. मागणी एकच: हा एवढा पट्टा प्रस्तावित ठिकाणांतून वगळावा. खाली काकांसह सात शेतकऱ्यांच्या सह्या. या अर्जाला कुणी हसलं नाही, आणि तीस दिवसांनी माहितीच्या अधिकारात ‘अर्जावर काय कार्यवाही झाली’ असं विचारल्यावर लेखी उत्तरही आलं.

रात्रीचा चोरटा उपसा दिसला तर एकट्यानं अडवायला जाऊ नका. गाडीचा नंबर टिपायच्या नादात जवळ जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. लांबून वेळ आणि दिशा लिहा, तहसीलदार आणि पोलिसांना कळवा, आणि कळवल्याची नोंद ठेवा.

किनाऱ्यावरचं काम या बाबतीत थोडं सोपं. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वात कडक वर्गात आहेत. अर्जात ‘अळंबी’च्या आधी ‘वाळूची टेकडी’ हा शब्द घाला.

११. दर पंधरवड्याची फेरी

जागा वाचली असं वाटलं की लोक जायचे थांबतात. मोजणी तिथून पुढंच खरी. सप्टेंबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी त्याच वाटेनं चाला, ताजे आणि सुकलेले वेगळे मोजा. जमिनीत काठ्या किंवा झेंडे रोवू नका, लोक उपटून बघतात. दोन पक्क्या खुणांपासून, म्हणजे पुलाचा खांब किंवा विहिरीचा कठडा, दोरीनं अंतर मोजून वहीत लिहा. झाड धरू नका, माझं वाळुंज आठवा.

एखाद्या वर्षी एकही फळ येणार नाही. घाबरू नका, पाऊस चुकला की कवकजाल खाली गप्प बसतं. पुरानं वर हातभर नवी वाळू टाकली तर मात्र दोन-तीन वर्षं थांबून बघावं लागतं. आमच्या जागेवर २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर दोन दिवाळ्या कोऱ्या गेल्या. तिसऱ्या वर्षी नवरात्राच्या सुमारास काकांचा फोन आला, ‘तुमचं खिळं उगवल्यात, आणि बरगं घालाय माणसं बी आल्यात. यायचं तर आजच या.’ दुपारची सुट्टी टाकून गेलो. अकरा होते, सगळे बरग्याच्या रेषेच्या वर.